रोज बघणारं माणूस

"आंबट कोबीचे दोन गड्डे आण. मलई घट्टवाली आण, ते पांढरं पाणी नको. आणि ताजा शेपू मिळाला तर बघ, नाहीतर माझ्याकडे वाळवलेला आहे."

मी दुकानात उभा होतो आणि ओरिसिया फोनवर यादी वाढवतच चालली होती. मी विचारलं, एवढं कोण येतंय, भाऊ का?

"बोहदान कशाला येतोय. सरकारची बाई येणार आहे गुरुवारी. मी घरात कशी वावरते ते बघायला."

मी म्हटलं, मग तीन गड्डे आणतो, दोनात काय होणार.

आज हे सांगताना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. पण तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही, तिलाही वाटलं नाही. घरी येणारं माणूस सरकारी असलं म्हणून त्याच्यापुढे नुसतं टेबल ठेवायचं, ही गोष्ट आमच्या झोरिया गावात कुणाच्या डोक्यातच येत नाही. आमचे आजी-आजोबा युक्रेनहून कॅनडातल्या या माळावर आले तेव्हा खायला दाणा नव्हता, तरी आल्यागेल्याला बसवून जेवू घातलं. पुढे पोटभर मिळायला लागल्यावर तर विचारायलाच नको.

ओरिसिया बोदनार माझ्या समोरच्या घरात राहते. शाळेत ती माझ्यामागे दोन वर्षं होती. गावच्या छोट्या इस्पितळात स्वयंपाकीण होती, आणि चांगली जहांबाज. पेशंटने ताटात काही टाकलं की ही खोलीत जाऊन त्याला जाब विचारायची. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. नऊ-दहा वर्षांपूर्वी तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, मग पाय ऐकेनासे झाले, मग हातही. डॉक्टरांनी एमएस म्हणून सांगितलं, मज्जातंतूंचा आजार. आमच्या अल्बर्टात हा आजार घरटी एक असावा इतका पसरलेला आहे, त्यामुळे नाव सगळ्यांना ठाऊक. नोकरी सुटली. साठवलेलं होतं त्यावर काही वर्षं काढली, आणि तेही आटत आलं तेव्हा तिने प्रांताच्या भत्त्यासाठी अर्ज केला. ज्यांना मोठ्या अपंगत्वामुळे कमावता येत नाही, त्यांच्यासाठी असतो तो. डॉक्टरने त्याचा भाग भरला आणि सांगितलं की शहरातून एक बाई येऊन तुमचा रोजचा दिवस कसा जातो ते बघून जाईल.

रोजचा दिवस कसा जातो ते तिने आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. आमच्याकडे कुणी विचारलं, काय कसं काय, की उत्तर ठरलेलं असतं: तक्रार नाही. म्हातारा इव्हान ट्रॅक्टरखाली सापडला होता, मांडी अडकलेली, आणि धावत गेलेल्या लोकांना तो म्हणाला, तक्रार नाही, पण हे जरा बाजूला घेता आलं तर बघा. ओरिसिया त्याच मातीतली. चर्चच्या तळघरात दर बुधवारी बायका जमून पिरोही करतात, बटाट्याचं सारण भरायचं आणि कडेला मुरड घालायची. तिथे ओरिसियाच्या हाताला तोड नव्हती. बोटं चालेनाशी झाल्यावर तिने जाहीर केलं की तिला पिठाची ॲलर्जी झाली आहे. तीस वर्षं पीठ मळणाऱ्या बाईला पिठाची ॲलर्जी. एका बाईनेही भुवई उंचावली नाही. अगं बाई, हल्ली होतं असं, म्हणाल्या आणि तिची खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवली. आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात. समोरच्याला जे दाखवायचं नाही ते आपल्याला दिसत नाही.

मला मात्र दिसायचं. तिचं स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आहे आणि माझंही. मध्ये रस्ता, तोही गावातला, तीन ढांगांचा. तिने एका वसंतात टोमॅटोच्या रोपांना ऊन मिळावं म्हणून खिडकीचा पडदा काढला होता. नंतर तो परत लावायला हात खांद्याच्या वर जाईनात, म्हणून राहिला तो राहिलाच. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे दुपार सरता सरता अंधार पडतो. ती दिवा लावते, मी जेवायला बसतो. बायको गेल्यापासून माझं जेवण त्या खिडकीकडे तोंड करूनच होतं. मुलगी व्हँकुव्हरला असते, रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस ती खिडकी.

तर तो आठवडाभर मी बघत होतो. ती खुर्चीवर बसून, भांडं मांडीत धरून कोबीची पानं सोडवायची. एक पान सुटायला एवढा वेळ की माझं इकडे अर्धं जेवण व्हायचं. भात पानात भरून गुंडाळायचा, तो उलगडायचा, परत गुंडाळायचा. एकदा भाताचं पातेलं हातातून निसटलं. ती खुर्चीवरून हळूहळू खाली उतरली आणि जमिनीवर बसून भात वेचत बसली. मी बशीतला बटाटा काट्याने चिरडत होतो, चिरडतच राहिलो. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन करून आणखी तांदूळ मागवला आणि म्हणाली, तू आणलेला जुना निघाला रे, टाकून द्यावा लागला. मी म्हटलं, दुकानदाराला सांगतो.

गुरुवारी जनेल नावाची ती बाई आली. पोरगीच होती, पातळ बूट घालून बर्फात आलेली. वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ओरिसियाने केस नीट केले होते, आईचा भरतकामाचा ब्लाऊज घातला होता, आणि वॉकर मागच्या ओसरीत नेऊन त्यावर जुनं ब्लँकेट टाकलं होतं. टेबलावर कोबीत गुंडाळलेल्या होलुब्त्सी, पिरोही, बीटचं सूप बोर्श्ट, खसखशीचा रोल. पोरगी आधी नको नको म्हणत असावी, मग बसली, आणि मग काय विचारता. दोनदा वाढून घेताना मी बघितलं. ओरिसिया टेबलाची कड धरून उभी, हसतेय, बोलतेय. जाताना पोरीच्या हातात चांदीच्या कागदात बांधलेलं पुडकं होतं. मला इकडे बसून अभिमान वाटला. म्हटलं, जमलं हिला.

त्या संध्याकाळी समोर दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी जाऊन दार वाजवलं. आतून, बहुधा स्वयंपाकघरातल्या बाकावरूनच, ती म्हणाली की सर्दी झालीये, तुला लागेल, आत येऊ नको. आवाज जमिनीतून आल्यासारखा. मी सूपचं भांडं दाराशी ठेवलं आणि पायरीवरचं बर्फ काढून परत आलो. ती उठून चुलीपाशी आलेली दिसायला पुढचा आठवडा उलटला.

मग नकार आला. तिने मला बोलावलं आणि दारातच वाचून दाखवला. अर्जदाराने पाहुणीसाठी स्वतः संपूर्ण जेवण तयार करून वाढले. घर अत्यंत स्वच्छ. अर्जदार प्रसन्न असून कोणतीही तक्रार करत नाही. तेव्हा कमावण्याची क्षमता गंभीरपणे बाधित झाली आहे असे दिसत नाही.

"उत्कृष्ट स्वयंपाक असंही लिहिलंय," ती म्हणाली. "सरकारी कागदावर माझ्या होलुब्त्सींची तारीफ आहे, झेनॉन. फ्रेम करून लावू का?"

आम्ही दोघेही हसलो. मी जरा जास्तच. मग तिने दाराच्या चौकटीला खांदा टेकवला.

"मी वाढलं नसतं तर काय करायला हवं होतं? तिच्यासमोर नुसती बसून राहायचं? ती एवढ्या लांबून आली होती."

मी पायरीवरचं बर्फ बुटाने बाजूला सारत राहिलो. 

बोहदान कॅलगरीहून फोनवर म्हणाला, झालं ना तुझं, आता पुरे कर. घर वसंतात विकायचं आणि त्याच्या तळघरात राहायला जायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. माणूस चांगला आहे तो, तळघरही चांगलं आहे. मी एकदा पाहिलंय. खिडकी छताला लागून, तिच्यातून गवताची मुळं आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचे घोटे दिसतात. ओरिसियाने त्याला सांगितलं की आधी अपील करते, अपील फेटाळलं तर तू म्हणशील तसं. मला हे सांगताना ती म्हणाली, शेवटी सगळेच जमिनीखाली जातात, मी जरा लवकर. आणि परत हसली. मला त्या वेळी तिचा रागच आला. हसायची काय गरज होती?

अपिलाची तारीख लागली तेव्हा तिने मला चहाला बोलावलं. टेबलावर फक्त चहा आणि विकतची बिस्किटं होती, त्यावरूनच मला कळलं की पुढचं बोलणं अवघड असणार आहे.

"अपिलाच्या ऑफिसातली बाई फोनवर म्हणाली, कुणीतरी सोबत आणा," ती म्हणाली. "तुम्हाला रोज बघणारं माणूस आणा. तुमचं कसं चालतं ते त्याने सांगायचं. मी म्हटलं, मला रोज बघणारं कुणी नाही. बोहदान ईस्टरला येतो. चर्चमधल्या बायकांना मी घरात घेत नाही. डॉक्टर तीन महिन्यांनी दहा मिनिटं बघतो."

ती कपाकडे बघत बोलत होती. मी मान डोलवून कॉफीच्या गप्पांत करतो तसं, हो ना, कठीण आहे, म्हणू शकलो असतो. घरी आलो असतो. वसंतात तिचं सामान गाडीत चढवायला मदत केली असती.

"मी बघतो," मी म्हणालो.

"काय बघतोस?"

"खिडकीतून. जेवताना."

तिने मान वळवून खिडकीकडे बघितलं. पलीकडे माझं टेबल, माझी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर, सगळं स्वच्छ दिसत होतं. आजवर तिने तिकडे बघितलंच नसावं. हातातलं सांडू नये हे बघण्यातच तिचं सगळं लक्ष जायचं.

ती परत कपाकडे वळली. मग म्हणाली, "जे बघितलंस ते त्यांना सांग. मला आत्ता सांगू नकोस."

अपील होतं तालुक्याच्या गावी, सरकारी इमारतीतल्या एका लांबट खोलीत. निघताना बघतो तर ओरिसिया लिपस्टिक लावून, चांगला कोट घालून तयार. मी म्हटलं, ओरिसिया, आज तरी जरा आजारी दिस. ती म्हणाली, "मी भिकारणीसारखी जाणार नाही. त्यांना नाही द्यायचा तर नाही देऊ देत." पण वॉकर बरोबर घेतला. पायऱ्यांवरून तिला उतरवायला मी हात पुढे केला तर म्हणाली, गाडी गरम करून ठेव, मी येते. मी गाडी गरम करायला गेलो आणि आरशाकडे बघायचं नाही असं ठरवून बसलो.

अपील ऐकणाऱ्या मंडळात तिघं होते. अध्यक्ष टक्कल पडलेले, मऊ बोलणारे गृहस्थ. दुसरी मोठ्या चष्म्याची बाई, तिच्यापुढे ओरिसियाचे सगळे कागद. तिसरा माणूस शेतकरी असणार, बोटांवरूनच कळत होतं. अध्यक्षांनी सुरुवातीला तिला विचारलं, आज कशा आहात?

"छान," ओरिसिया म्हणाली. "तक्रार नाही."

चष्म्याच्या बाईने काहीतरी लिहिलं. मी डोळे मिटून घेतले. शेतकऱ्याच्या ओठांची कड मात्र जराशी हलली.

मग माझी पाळी आली. तुम्ही यांना किती वेळा भेटता, असं विचारल्यावर मी म्हणालो, भेटतो कमी, बघतो रोज. आणि सांगायला लागलो. मी काही बोलणारा माणूस नाही. शाळेची बस चालवायचो, तिथे बोलायचं काम पोरं करतात. पण एकदा सुरू झालं आणि थांबेना. सांगितलं की तिला किटली उचलता येत नाही, ती कपाने थोडं थोडं पाणी नेऊन भरते. मागच्या थंडीपासून ती वर निजायच्या खोलीत जात नाही, स्वयंपाकघरातल्या बाकावर निजते, तेही कोट न काढता, कारण बटणं काढायला तिला माझं अख्खं जेवण होईपर्यंतचा वेळ लागतो आणि सकाळी परत लावायची असतात. केस धुवायचे तर खुर्चीवर बसून डोकं सिंकमध्ये टेकवते आणि कधीकधी तशीच बराच वेळ राहते, तेव्हा ती रडते की दमलेली असते ते मला इकडून कळत नाही. त्या होलुब्त्सींना तिला आठवडा लागला आणि ते जेवण वाढून ती आठवडाभर आडवी होती, हेही सांगितलं. सांडलेला भात सांगितला. सगळं सांगितलं.

ओरिसिया माझ्या शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिचे हात मात्र दिसत होते, टेबलावर एकावर एक ठेवलेले, वरचा हात खालच्याला दाबून धरणारा.

चष्म्याच्या बाईने विचारलं, "त्या पडतात का?"

"पडतात."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. आठवड्यात एकदा तरी. कधी जास्त."

"मग तुम्ही काय करता? मदतीला जाता?"

"नाही," मी म्हणालो. "फोन करतो."

त्यांना कळलं नाही. अध्यक्षांनी परत विचारलं तेव्हा मला समजावून सांगावं लागलं. तिचा फोन एप्रनच्या खिशात असतो. ती पडली की मी जरा थांबतो आणि तिला फोन लावतो. काहीतरी विचारतो. कचऱ्याची गाडी उद्या की परवा. माझी शिडी तुझ्याकडे राहिली का. चर्चचं जेवण शनिवारी आहे की रविवारी. तिने उचलला म्हणजे शुद्धीवर आहे. मग मी बोलणं लांबवतो. ती जमिनीवरूनच उत्तरं देते, मला वेंधळ्या म्हणते, आणि बोलता बोलता खुर्ची ओढून घेते, हात टेकते, वर येते. खुर्चीत बसली की मी म्हणतो, बरं ठेवतो. तिने उचललाच नसता तर मी धावत गेलो असतो, बूट दाराशी तयारच असतात. पण दर वेळी तिने उचलला.

"सरळ का गेला नाहीत?" बाईने विचारलं. रागाने नाही, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"गेलो असतो तर तिला कळलं असतं ना, की मी बघितलं."

 शेतकऱ्याने मान खाली घातली आणि आपल्या बोटांकडे बघत राहिला. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

परतताना रस्ता रिकामा होता, दोन्हीकडे पांढरी शेतं. ओरिसिया खिडकीबाहेर बघत होती. धान्याचं जुनं कोठार मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "ते फोन."

"हं."

"शिडीचा."

"हं."

"शिडी तुझ्याकडेच होती."

"माझ्याकडेच होती," मी म्हणालो.

परत बराच रस्ता गेला. मग ती माझ्याकडे न बघता बोलली, आणि हे तिचं बोलणं मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं.

"मला वाटायचं, तुला बोलायला कुणी नाही म्हणून करतोस. मी म्हणायचे, बिचारा झेनॉन, बायको गेल्यापासून काहीही निमित्त काढतो. खाली पडलेली असायचे, उचलायची ताकद नसायची, तरी उचलायचे. म्हटलं, माझ्याशी दोन शब्द बोलून तेवढंच त्याला बरं वाटेल."

"वाटायचं," मी म्हणालो.

 घरापाशी मी उतरून तिच्या बाजूला गेलो. या वेळी तिने माझा हात धरला, सगळं वजन टाकून, आणि एक एक पायरी चढली. वर पोचायला खूप वेळ लागला. दारात पोचल्यावर तिने हात काढून घेतला, आभार मानले, एखाद्या ड्रायव्हरचे मानावेत तसे नीट, आणि दार लावून घेतलं.  मी काही चूक केली नव्हती. तिनेच सांगायला सांगितलं होतं. पण एखाद्याचे कपडे चव्हाट्यावर काढून यावं तसं मला वाटत होतं, आणि तिलाही तसंच वाटत असणार.

भत्ता मंजूर झाला. बर्फ वितळायच्या आत कळलं. बोहदानने कॅलगरीहून फोन करून माझे आभार मानले आणि त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. घर राहिलं. आठवड्यातून दोनदा एक बाई मदतीला यायला लागली, दणकट, गाणी म्हणत काम करणारी. तिने पहिल्याच आठवड्यात वरच्या खोलीतला पलंग खाली आणून लावला.

एका सकाळी ओरिसिया माझ्याकडे आली. भर उजेडात, वॉकर घेऊन, रस्ता ओलांडून. रस्त्यातल्या दोन गाड्या थांबल्या आणि तिने त्यांना हात केला. वॉकरच्या टोपलीत दुकानातला केक होता, झाकणावर किमतीची चिठ्ठी तशीच.

"मी केलेला नाही," तिने आत येताच सांगितलं.

"दिसतंय."

"वाईट असणार."

आम्ही खाल्ला. वाईटच होता, नुसती साखर. तिने काटा दोन्ही हातांनी धरला होता आणि लपवत नव्हती. माझ्यापुढे असं खाताना मी तिला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, एवढ्या जवळून. मग तिने गळ्यातली दोरी कोटातून वर काढली. दोरीला एक पांढरं बटण होतं.

"हे दाबलं की एडमंटनमध्ये कुणाच्या तरी टेबलावर वाजतं. ते विचारतात, मिसेस बोदनार, ठीक आहात ना. मिसेस म्हणतात, काय करणार. मग ते माणूस पाठवतात. दिवसरात्र असतं." तिने बटण परत आत टाकलं. "म्हणजे आता तुला बघायला नको. तू सुटलास, झेनॉन."

ती हे मनापासून म्हणत होती. आपण माझ्या पाठीवरचं पोतं उतरवून देतोय असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, चांगलं झालं, एडमंटनवाले माझ्यापेक्षा हुशार असतील.

"आणि त्या बाईला सांगून मी पडदा लावून घेणार आहे. राग नाही माझा तुझ्यावर. खरंच नाही. पण आता मला माहीत आहे ना. चमचा उचलताना सुद्धा वाटतं, समोर टेबल आहे."

"लाव की," मी म्हणालो. "थंडीही अडते त्याने."

उरलेला केक तिने माझ्याकडेच ठेवला. मी तिला रस्त्यापलीकडे पोचवायला निघालो तर म्हणाली, नको, मी येते-जाते आता. मी दारात उभा राहिलो आणि ती आत जाईपर्यंत उघडपणे बघितलं.

शनिवारी ती गाणारी बाई स्टुलावर उभी राहून पडदा लावत होती. निळं जाड कापड. संध्याकाळी मी बोर्श्ट गरम करून जेवायला बसलो. समोर कापड, कापडामागे दिवा, एवढंच. मध्येच धप्प असं काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं, पण ते छपरावरून घसरलेलं बर्फही असेल. मी फोन हातात घेतला. कचऱ्याची गाडी, शिडी, चर्चचं जेवण, काहीही विचारता आलं असतं. पण मी काहीही विचारलं तरी आता तिला एकच प्रश्न ऐकू येणार, पडलीस का. आणि ती पडलेली नसेल, नुसती आपली बसलेली असेल, आणि मलाही दुसरं काही नको असेल, तर ते तिला कसं पटवायचं?

मी फोन खाली ठेवला. बोर्श्ट निवलं होतं. ते तसंच खाल्लं, बशी धुतली, आणि समोरचा दिवा जाईपर्यंत स्वयंपाकघरात उगाच काहीतरी आवरत राहिलो.